वाढप्याची निवड

(छावणी, छत्रपती संभाजीनगर येथे एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आपल्याकडे लग्नकार्यात एक वाक्य हमखास कानावर पडतं : वाढपी ओळखीचा असला की पंगतीत कुठेही बसा. शेवटच्या रांगेत कोपऱ्यात बसलात तरी जिलेबी तुमच्या पानापर्यंत येणारच. लोक हे हसत हसत बोलतात. ज्याच्या ओळखीचा वाढपी नसतो त्याला मात्र हसू येत नाही. वरणाची बादली दोन पानं अलीकडून परत फिरते, तो मान खाली घालून कोरडा भात कालवत राहतो आणि शेजारच्याला म्हणतो, मला पुरे आहे.

डीकनची निवड आणि पात्रता या विषयावर मी बोलावं असं ठरलं, तेव्हा मला आधी ही पंगत आठवली. ग्रीक भाषेतल्या 'दियाकोनोस' या शब्दावरून 'डीकन' आला. त्याचा रोजच्या वापरातला एक अर्थ अगदी घरगुती होता : जेवणाऱ्यांना वाढणारा माणूस. आपल्या मराठी बायबलमध्ये 'सेवक' असं भाषांतर आहे आणि ते बरोबरच आहे. पण 'सेवक' हा शब्द आता पत्रिकेवर, फलकावर, निवडणुकीच्या पत्रकावर इतका छापला गेलाय की त्यातून घामाचा वास येत नाही. 'वाढपी' म्हटलं की हातातली जड बादली दिसते, वाकलेली पाठ दिसते. शेवटच्या संध्याकाळी प्रभू शिष्यांना म्हणाला की मी तुमच्यामध्ये वाढणाऱ्यासारखा आहे, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढेही जेवणाचीच बैठक होती.

आता प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय घ्या. यरुशलेमेतली मंडळी वाढत होती. रोज गरिबांना वाटप व्हायचं. त्यात ग्रीक बोलणाऱ्या घरांतल्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागलं. इब्री बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळायचं, यांना मिळायचं नाही. मुद्दाम कोणी उपाशी ठेवलं असेल असं मला वाटत नाही. वाढणारे इब्री बोलणारे होते, त्यांना आपल्या गल्लीतल्या आज्या-मावश्या माहीत होत्या. दुसऱ्या भाषेतली म्हातारी कुठे राहते, ती दाराशी का आली नाही, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. वाढपी ओळखीचा नव्हता, एवढंच. पण तेवढ्यानं माणूस उपाशी राहतो.

बारा प्रेषितांनी काय केलं ते मी अनेकदा वाचलं, आणि दर वेळी मला त्यांनी काय केलं नाही याचंच जास्त आश्चर्य वाटतं. त्यांनी तक्रार करणाऱ्यांना फुटीर ठरवलं नाही. 'आधी पुरावा आणा' म्हटलं नाही. 'मंडळीत भाषेचा भेद नसतो' असा उपदेश करून विषय मिटवला नाही. त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, तुम्हीच तुमच्यातले सात जण शोधा. अटी तीनच घातल्या : लोकांमध्ये नाव चांगलं असावं, आत्म्यानं भरलेले असावेत आणि शहाणे असावेत. निवड लोकांची, हात ठेवणं प्रेषितांचं.

आणि मग ती सात नावं. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव. सातही ग्रीक नावं! त्या काळी यहुद्यांतही ग्रीक नावं असत, बारांतले अंद्रिया आणि फिलिप्प हे त्याचंच उदाहरण, त्यामुळे नुसत्या नावावरून फार ओढून ताणून बोलू नये. पण सातच्या सात नावं ग्रीक, आणि शेवटचा नीकलाव तर अंत्युखियाचा, जन्मानं यहूदीसुद्धा नव्हे. मला यातून एकच दिसतं : ज्यांची पानं कोरडी राहिली होती, त्यांच्याच हातात बादली दिली गेली. बहुसंख्यांनी आपलीच माणसं नेमून 'तुमच्यातलाही एक घेतो' असं केलं नाही. आपल्या मंडळ्यांमध्ये बादली अशी सोपवलेली मी फार क्वचित पाहिलीय.

हे मी छावणीत बोलतोय, म्हणून पंगतीबद्दल थोडं आणखी बोलायला हवं. आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे या मराठवाड्यातल्या, नगरकडच्या गावांतले. गावच्या पंगतीत त्यांना जागा नव्हती. पंगत उठल्यावर जे उरेल ते वरून पदरात टाकलं जायचं. पाणी दुसऱ्यानं ओतायचं, आपण ओंजळीनं प्यायचं. प्रभुभोजनाच्या मेजाशी एका प्याल्याला ओठ लावणं ही त्या लोकांच्या दृष्टीनं केवढी मोठी गोष्ट असेल, याची आज आपल्याला कल्पना करावी लागते. म्हणून आपल्याकडे वाढप्याच्या निवडीचा प्रश्न नियमावलीच्या एका कलमात मावत नाही. या मेजाशी आल्यावरसुद्धा महार-मांग हा भेद, गावाचा भेद, भावकीचा भेद आपण बरोबर आणला. हे कबूल केल्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

पण याच मेजाशी मनापासून वाढणारेही होऊन गेले. अमेरिकन मराठी मिशनची अहमदनगरची पहिली मंडळी १८३३ साली स्थापन झाली. सुरुवातीच्या सभासदांत तिथल्या गरीब-अपंगांच्या आश्रयगृहातली माणसं होती. बाबाजी नावाचा ब्राह्मण त्या मंडळीच्या आरंभीच्या जबाबदार माणसांपैकी एक. तो त्या आंधळ्या-पांगळ्यांमध्ये ऊठबस करायचा, त्यांना शिकवायचा. त्याच वर्षी तो वारला. मिशनरी हॉलिस रीड यांनी त्याचं चरित्र लिहिलं आणि ते १८३६ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं. इकडे आपल्या शेजारी जालन्याला नारायण शेषाद्री आले. १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा, १८५४ साली दीक्षा, आणि पुढे कामाची कित्येक वर्षं जालन्याच्या आसपासच्या गावांत. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसवलं. वाटप, विहीर, शेत, शाळा ही सगळी कामं उपासनेच्या बरोबरीनं चालायची. वाढपी कशाला हवा हे त्या गावात कोणाला शिकवावं लागलं नसेल.

शेषाद्री ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे, त्या चर्चच्या आठवणीत एक मोठा प्रयोग होता. १८१९ ते १८२३ या काळात थॉमस चामर्स ग्लासगोमध्ये सेंट जॉन्स या गरीब वस्तीचे पाळक होते. त्यांनी आपला भाग पंचवीस मोहल्ल्यांत वाटला आणि प्रत्येक मोहल्ल्याला एक डीकन दिला. सरकारी मदतीवर विसंबायचं नाही, चर्चच्या दारात पडलेल्या पैशातून भागवायचं; आणि डीकननं घरी जाऊन खरी गरज बघायची. १८४३ मध्ये फ्री चर्च वेगळं झालं तेव्हा डीकनांची सभा ही त्याच्या घडणीतच आली. चामर्सबद्दल मला आदर आहे. पण त्या पद्धतीचा एक धोका लपवून चालणार नाही. घरी येणारा डीकन हळूहळू चौकशी अधिकारी होतो. मुलगा काय कमावतो, भाऊ मदत का करत नाही, दारू कोण पितं, असे प्रश्न विचारत विचारत तो दाराशी उभा राहतो आणि म्हातारी पदर सावरत उत्तरं देत राहते. वाढप्यानं पानाकडे बघावं. पान मांडणाऱ्याच्या तोंडाकडे रोखून बघणं हे त्याचं काम नव्हे.

छावणीची गोष्ट सुरुवातीला वेगळी होती. लष्करी चर्चमध्ये चॅप्लेन वरून नेमलेला यायचा आणि बदली झाली की जायचा. मंडळीनं कोणाला निवडायचा प्रश्नच नव्हता. मराठी मंडळ्या मात्र वेगवेगळ्या वाटांनी आल्या. अँग्लिकन वाटेनं आलेल्यांना डीकन म्हणजे दीक्षित माणूस, बिशपनं हात ठेवलेला, प्रेस्बिटर होण्याआधीच्या पायरीवरचा. काँग्रिगेशनल वाटेनं, म्हणजे नगरकडून आलेल्यांना डीकन म्हणजे सभासदांनी निवडलेला, आपल्या नोकरी-धंद्यात राहून मंडळीचं काम पाहणारा माणूस. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा हे दोन्ही अर्थ एका छपराखाली आले. शब्द एकच, माणसं मात्र दोन. त्यामुळे आजही आपल्याकडे एखाद्या वृद्ध बाईसमोर 'डीकन' म्हटलं की तिला नगरच्या मंडळीतले मामा आठवतात, आणि तिच्या नातवाला गळ्यात पांढरी पट्टी घातलेला, नुकताच सेमिनरीतून आलेला तरुण.

त्या तरुणाबद्दल मला माया आहे. पण मनातलं स्पष्ट बोलतो. पायरी म्हणून डीकन झालेल्या माणसाला मंडळीतल्या घरांची नावं पाठ होईपर्यंत वर्ष संपतं आणि तो प्रेस्बिटर होतो. डीकनपण हे ओलांडून जायचं दार झालं. रोमन कॅथलिक चर्चमध्येही शतकानुशतकं हेच झालं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये कायमस्वरूपी डीकनपणाची वाट पुन्हा मोकळी केली. विवाहित पुरुषाला वयाची पस्तीस वर्षं पूर्ण झाल्याशिवाय आणि पत्नीची संमती असल्याशिवाय ही दीक्षा देत नाहीत. पत्नीच्या संमतीची अट मला फार शहाणपणाची वाटते. कारण रात्री दहाला दार वाजतं तेव्हा चहा कोणाला ठेवावा लागतो, हे आपण सगळे जाणतो.

या ओलांडून जाण्याबद्दल प्रेषितांची कृत्ये लिहिणाऱ्या लूकनं एक बारीक गोष्ट लिहून ठेवली आहे. सातांमधला फिलिप्प पुढे शोमरोनात गेला, कूशी अधिकाऱ्याला भेटला, मोठा सुवार्तिक झाला. बऱ्याच वर्षांनी पौल कैसरियात त्याच्या घरी उतरला, तेव्हा लूक त्याची ओळख कशी करून देतो? सुवार्तिक म्हणतो, आणि लगेच पुढे म्हणतो, त्या सातांपैकी एक. इतकी वर्षं झाली, इतका मोठा झाला, तरी त्याच्या नावामागे वाढप्याची ओळख टिकून राहिली.

आता पात्रतेकडे येतो. पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात डीकन कसा असावा ते आहे. त्यात वक्तृत्व नाही, शिक्षण नाही, गायनही नाही. आहे ते सगळं शेजाऱ्यांना माहीत असणारं. तो गंभीर वृत्तीचा असावा, दुतोंडी नसावा, दारूच्या फार आहारी गेलेला नसावा, पैशाच्या हावेनं हात बरबटलेला नसावा, आपलं घर नीट चालवणारा असावा. दुतोंडी नसावा, ही अट मी सर्वांत वर ठेवीन. कारण वाढपी दहा घरांत जातो. एका घरात दिसलेलं दुसऱ्या घरात बोलला की मंडळीत कोणीही आपली अडचण सांगणार नाही. दारूबद्दल आपल्या मंडळ्या पत्रापेक्षाही कडक आहेत, आणि ज्या घरांत आपण मदत घेऊन जातो त्यांतली किती घरं दारूनं बसली आहेत हे पाहिलं की मला तो कडकपणा योग्य वाटतो. घर चालवण्याच्या अटीवरून मात्र आपण नको तितके निष्ठुर होतो. मुलगा वाया गेला म्हणून बाप अपात्र, असं सरळ ठरवतो. मी त्या बापाला विचारीन की मुलगा रात्री उशिरा आला तेव्हा तू दार उघडलंस की नाही.

आणि त्या यादीत एक वाक्य असं आहे जे आपण रोज वाचतो आणि रोज मोडतो : आधी त्यांची पारख व्हावी, मग त्यांनी सेवा करावी. तिथे वापरलेला ग्रीक शब्द नाणं किंवा धातू खरा आहे का हे तपासण्यासाठी वापरत. आपल्याकडे याला कस लावणं म्हणतात. सराफ दागिना हातात घेतो, कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढतो आणि ती रेघ बघतो. दागिन्याची नक्षी तो नंतर बघतो. आपण उलट करतो. मे महिन्यात यादी लागते, जूनमध्ये निवडणूक, पॅनल पडतात, कोणाच्या बाजूला कोणती भावकी याची मोजणी होते, आणि निवडून आल्यावर आपल्याला कळतं की माणूस कसा आहे. नक्षी बघून विकत घ्यायचं आणि घरी आणल्यावर कस लावायचा, अशातली ही गत.

मी तरुणपणी एका मंडळीच्या कमिटीवर असताना आमच्या हातून एक चूक झाली. ती माझीही होती. मदत कोणाकोणाला दिली याचा हिशेब स्वच्छ असावा म्हणून आम्ही ती यादी उपासनेच्या शेवटी वाचून दाखवायला सुरुवात केली. नाव आणि रक्कम. पारदर्शकता म्हणून मला त्याचा अभिमान होता. तीन रविवारांनी एक विधवा बाई यायची बंद झाली. मी घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, 'दादा, माझ्या मुलीचं लग्न जमवायचंय. भोंग्यावर नाव नका घेऊ.' ती परत कधी त्या चर्चमध्ये आली नाही. हिशेब स्वच्छ होता. पान आम्ही सगळ्यांसमोर उघडं केलं होतं.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना आपण सगळे मास्तर म्हणायचो. फलकावर आपलं नाव लावू नका असं त्यांनी सांगितलं होतं, म्हणून मीही घेत नाही. मी पुढे त्यांच्या हाताखाली काम केलं आणि ती चूक कशी टाळायची हे त्यांच्याकडे बघून शिकलो. त्यांच्या वहीत मदत घेणाऱ्यांना नावं नव्हती, आकडे होते. चौदा, सत्तावीस, एकतीस. आकडा कोणाचा हे त्यांना आणि आणखी एकाला माहीत असायचं, तिसऱ्याला नाही. दानाची थैली त्यांनी कधीही एकट्यानं मोजली नाही. वेस्ट्रीत दोघं समोरासमोर बसायचे, चिल्लर दहा-दहाच्या चळतीत लावायचे, आणि दुसऱ्यानं आधी सही केल्याशिवाय मास्तर सही करायचे नाहीत. 'माझ्यावर विश्वास आहे म्हणून हे करायचं,' असं ते म्हणायचे, 'विश्वास राहावा म्हणून.' जुन्या कॅलेंडरच्या पानांची पाकिटं करून, ती उपासना-संगीताच्या पुस्तकात घालून, गुरुवारी संध्याकाळी ते सायकलवर निघायचे. भावसिंगपुऱ्यापर्यंत जायचे. रस्त्यात कोणी भेटलं तर लोकांना वाटायचं, गाण्याच्या सरावाला चाललेत.

स्त्रियांबद्दल वेगळं बोलायची गरज वाटू नये, पण अजून वाटते. पौलाच्या त्याच उताऱ्यात स्त्रियांसाठी स्वतंत्र ओळ आहे. ती डीकनच्या पत्नींबद्दल की स्त्री डीकनांबद्दल, यावर विद्वान भांडतात. पण रोमकरांस पत्राच्या शेवटी किंख्रिया इथल्या मंडळीच्या फिबीला पौलानं हाच शब्द लावलाय. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला प्लिनी हा रोमन अधिकारी बादशहा त्राजानला लिहितो की ख्रिस्ती लोकांत काय चालतं हे कळावं म्हणून आपण दोन दासींचा छळ करून चौकशी केली, आणि त्या लोकांत त्यांना सेविका हा हुद्दा आहे. दासी, आणि मंडळीत हुद्देदार!  प्लिनीला त्यांच्याकडून कामाचं काही मिळालं नाही. आपल्या बायबल बायांनी, महिला मंडळांनी हेच काम केलं. कोणाच्या घरी चूल पेटली नाही हे त्यांना आधी कळायचं. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियात स्त्रियांना दीक्षा मिळते. तरी कमिटीच्या बैठकीत त्यांचं काम चहापुरतं राहतं हे मी पाहिलंय आणि मला त्याची लाज वाटते.

निवडणूक बंद करा असं मी सांगत नाही. लोकांनीच निवडावं, हे तर प्रेषितांनीच ठरवून दिलंय. मी इतकंच मागतो की मतपेटीच्या आधी एक वर्ष असावं. त्या वर्षात उमेदवारानं कोणताही हुद्दा न घेता जुन्या माणसाबरोबर फिरावं. आणि वर्ष संपल्यावर कमिटीनं पहिला प्रश्न त्या घरांना विचारावा जिथे तो वाढायला गेला होता. आजपर्यंत त्या घरांना आपण कधी काही विचारलेलं नाही.

मास्तरांनी असं एकदा केलं. त्यांचे गुडघे गेले तेव्हा घाटी रुग्णालयात काम करणाऱ्या एका नर्सला ते गुरुवारी बरोबर नेऊ लागले. ही पारख आहे असं तिला सांगितलं नव्हतं. कधी ड्यूटीमुळे चुकायची, तेव्हा दुसऱ्या दिवशी एकटी जाऊन यायची. बारा महिन्यांनी त्यांनी तिचं नाव सभेत मांडलं. लगेच कुजबुज सुरू झाली. ती कोणत्या गावची, कोणाच्यातली, हे सगळ्यांना माहीत होतं आणि तेच अडत होतं. कोणीतरी उभं राहून विचारलं, 'मंडळीत हिला ओळखतं कोण?'

मागच्या बाकावरून एक म्हातारी उठली. सभेत ती कधी बोलली नव्हती. वहीत तिचा आकडा सत्तावीस होता, हे मला माहीत होतं कारण तो दुसरा माणूस मी होतो. ती बाकाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, 'मी ओळखते. ही माझ्या घरात पाणी मागून पिती.'

त्यावर मतदान घ्यावं लागलं नाही.